आईचं तोंड बघायला मुंबईला

जोतीराम कोळेकर या माणसाला आयुष्यात बढाई मारावी असं एकच प्रकरण लाभलं होतं, आणि ते त्यानं पुरवून पुरवून वापरलं. सोलापुरातल्या एका शाळेत तो शिपाई होता. घंटा द्यायची, फळे पुसायचे, हेडमास्तरांचा चहा आणायचा, आणि मधल्या सुट्टीत लिंबाखाली कुणी नवा माणूस सापडला की विचारायचं, "तुमच्या आईचं चित्र काढलंय का कुनी? माज्या आईचं काढलंय. मुंबैला हाय." नवा माणूस हसायचा. जुने तर हसायलाही कंटाळले होते. धनगराच्या बाईचं चित्र कोण कशाला काढील, आणि काढलं तरी मुंबईत कोण टांगून ठेवील, असं सगळ्यांना वाटायचं. जोतीराम वाद घालत नसे. घंटेची वेळ झाली की उठून जायचा.

पण गोष्ट खोटी नव्हती. जोतीरामचा बाप कोंडीबा हा सांगोल्याकडचा मेंढका. दर साली मेंढरं घेऊन सोलापूरच्या शिवारात यायचा आणि तळ्याच्या अंगाला तळ टाकायचा. तिथं एकदा मुंबईच्या चित्रशाळेत शिकणारा एक तरुण आला, लाकडाची घोडी उभी केली आणि कोंडीबाच्या बायकोचं, चिमाबाईचं, चित्र काढून घेऊन गेला. जोतीराम तेव्हा अंगावर पीत होता. पुढच्या साली पटकीची साथ आली आणि चिमाबाई त्यात गेली. पोराला वाढवलं थोरल्या बहिणीनं, बजाबाईनं. ती तरी केवढी होती? परकर वर खोचून मेंढरांमागं पळणारी पोर. चित्राची गोष्ट जोतीरामला सांगितली तीही तिनंच. पोर आईसाठी रडायला लागलं की ती सांगायची, "आई मुंबैला हाय, चित्रात," आणि पोर गप व्हायचं.

घरात आईचा फोटो नव्हता. फोटो कुणाचाच नव्हता म्हणा. होता तो टाक. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडनं चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त ठोकून घ्यायची आणि देव्हाऱ्यात बसवायची, ही आपल्याकडची रीत. कोंडीबानं बायकोचाही टाक करून घेतला होता. लहानपणी जोतीराम तो हातात घेऊन विचारायचा, "आई अशी हुती का?" आणि बाप म्हणायचा, "व्हय." बिचाऱ्यानं दुसरं काय सांगावं? पुढं शहरात नोकरी लागल्यावर एकदा टाक उजळायला जोतीराम सोनाराकडं गेला, आणि बघतो तर पेटीत तशाच बायांची ओळ लागलेली. तेच डोळे, तेच नाक, डोक्यावर तोच पदर. सगळ्या एकाच ठशातून निघालेल्या. कुणाच्याही घरची बाई जाऊ दे, तोंड हेच.

आपण रोज सकाळी आईपुढं हात जोडतो आणि ती दिसायला कशी होती हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्याला त्या दिवसापासून आतून खात राहिली. रस्त्यानं जाताना धनगराची म्हातारी बाई दिसली की तो उगाच थांबून बघायचा. लग्न झालं, सोजरबाई घरात आली, पोरं झाली, लेक नांदायला गेली, पण हे काही सुटलं नाही. मरायच्या आत एकदा तिचं तोंड बघायला मिळावं, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. श्रावणी सोमवार म्हणून शाळा लवकर सुटली होती आणि जोतीराम वर्गांना कुलपं घालत होता. तेवढ्यात चित्रकलेच्या अण्णाराव मास्तरांनी हाक मारली.

"जोतीराम, तुझ्या आईचं नाव चिमा का रे?"

"व्हय की. का वो?"

"मग तू इतकी वर्षं खरंच बोलत होतास म्हणायचं." मास्तर खुर्चीतून उठलेच. "आमचा मेव्हणा सिद्रामप्पा मुंबईत असतो. परवा तिथल्या चित्रांच्या म्युझियमला गेला होता. एका मोठ्या चित्राखाली पाटी आहे म्हणे, 'चिमा धनगरीण, सोलापूर'. सोलापूर वाचून त्याला आपलं गाव आठवलं, म्हणून मला सांगितलं."

जोतीरामच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. "दिसती कशी?" त्यानं विचारलं.

ते काही मास्तरांना सांगता येईना. काही माणसं म्युझियममध्ये जाऊन चित्रं बघत नाहीत, पाट्या वाचतात. सिद्रामप्पा त्यातला. पाटी त्याला तोंडपाठ होती, चित्रात काय होतं ते विचारल्यावर "बाई होती" एवढंच म्हणाला होता. "तूच जाऊन बघ," मास्तर म्हणाले. "तो नेईल तुला. मी सांगून ठेवतो."

जोतीराम शहराबाहेर बाळ्याला, आपल्या घरी, सायकलनं आला तो कसा आला त्याचं त्याला कळलं नाही. बजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तरणेपणीच नवरा गेल्यावर ती भावाकडं आली आणि इथंच राहिली. परड्यात दोन शेरडं पाळायची आणि सगळ्या घरावर वचक ठेवून असायची. जोतीरामनं दारातूनच सांगितलं, "आक्का, आई सापडली." आणि मग सगळं सांगितलं. सोजरबाईनं तोंडावर हात ठेवला. तव्यावरची भाकरी करपून घरभर वास सुटला तेव्हा कुठं बजाबाई हलली.

"आपुन जायाचं," जोतीराम म्हणाला. "तू अन् मी. तूच एकली हायस आईला बघितलेली. तूच वळकायची."

"बघू," बजाबाई म्हणाली.

मग त्या घरात जी तयारी सुरू झाली ती बघावी. जोतीरामच्या मनानं घेतलं की आईला भेटायचं ते अहेवनवमीलाच. पितृपक्षातली ही नवमी, नवरा मागं असताना गेलेल्या बाईची. त्या दिवशी दरसाल चिमाबाईच्या नावानं पान वाढलं जायचं. त्याच दिवशी तिचं तोंड दिसलं तर याहून काय पाहिजे? त्यानं हेडमास्तरांकडं रजा मागून ठेवली. ट्रंकेतली टोपी काढून परीटघडी करून आणली. खण, नारळ, हळद-कुंकू बाजूला काढलं, कारण आईला इतक्या वर्षांनी भेटायचं आणि रिकाम्या हातानं जायचं म्हणजे काय? टाकसुद्धा बरोबर न्यायचा त्याचा विचार होता. शाळेत तर त्याचा पाय जमिनीवर नव्हता. एकदा घंटा द्यायची विसरला आणि सगळी शाळा तासभर भूगोल शिकत बसली. मास्तर लोक आता हसत नव्हते. उलट मुंबईत कुठं उतरायचं, काय सांभाळायचं, हे जो तो त्याला शिकवायला लागला, आणि त्यातले निम्मे स्वतः कधी पुण्याच्या पुढं गेलेले नव्हते.

इकडं बजाबाईनं मात्र मोडता घालायचा सपाटाच लावला. शेरडी व्यायला आलीय, ती टाकून कशी येऊ? गुडघं धरल्यात, गाडीची पायरी कशी चढू? टाक घराबाहेर काढत्यात ते उजळाय न्हाय तर देवाच्या भेटीला, मुंबै काय देव हाय का? आणि नवमीला आपुनच घरात नसलो तर आईचं पान वाढायचं कुनी? एक अडचण काढून टाकली की तिची दुसरी तयार. जोतीराम हिरमुसायचा आणि पुन्हा नव्यानं उभा राहायचा. शेरडी सोजर बघंल, पायरीला मी हात देतो, टाक राहू दे घरात.

त्यात अण्णाराव मास्तरांनी एक दिवस कॅलेंडर काढलं आणि कपाळाला हात लावला. नवमी सोमवारी येत होती, आणि सोमवारी म्युझियम बंद. तिथी बघून देवळात जाता येतं, पण म्युझियमला वार लागतो, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? दोन दिवसांनी जोतीराम घरी म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. तेव्हा बजाबाईच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते त्यानं नेमकं बघितलं.

त्याच रविवारी दुपारी भडका उडाला. जोतीराम परड्यात दाढी करून आला आणि सहज म्हणाला, "आक्का, दिवाळीत तर शेरडीचं बी हुईल, गुडघं बी बरं हुतील. आता येनार न्हवं?"

"न्हाय येत मी," बजाबाई म्हणाली. "तू बी जाऊ नगंस. कशाला जायाचं? मेलेलं मानूस मेलं."

जोतीराम तसा गरीब माणूस. बहिणीपुढं त्यानं उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. "तुला काय," तो म्हणाला. "तू बघितलीयास तिला. तुला डोळं मिटलं की दिसती. मला काय दिसतं? सोनाराचा ठसा. तुला तिचं तोंड एकलीलाच ठिवायचं हाय, दुसरं काय?"

सोजरबाई भांडी घासायची थांबली. बजाबाई उंबऱ्यावर बसली होती, ती जरा बाजूला सरकली. मग म्हणाली, "हिकडं बस, जोती." तो बसला नाही.

"त्यात तोंड न्हाय," ती म्हणाली. "पाठ हाय."

जोतीरामला कळलं नाही.

"अरं, परका पुरुष समोर. आपला बा मेंढराकडं गेल्याला. अशा वक्ताला धनगराची बाई तोंड दाखवून उभी ऱ्हाईल का? तो मानूस काय तरी बोलला, आई लाजली, पाठ केली अन् पदर फुडं वढला. वळलीच न्हाय मग. तू लई किरकिर करत हुतास, तुला घिऊन उभी हुती झुलवत. तो बी खुळाच, त्यानं तशीच काढाय घेतली. म्या जाऊन बघितलं हुतं. अर्धंच झालं हुतं तवा. पाठ हुती, लुगडं हुतं, तळं हुतं. तू बी न्हवतास त्यात. सांजच्याला आपला तळ हालला. फुडं काय झालं ठावं न्हाय."

"मग मला सांगितलं का न्हाईस?" जोतीराम म्हणाला.

"तू रडत हुतास. चित्राचं सांगितलं की गप बसायचास. पाठीचं सांगून काय केलं असतं?" बजाबाईनं पदरानं नाक पुसलं. "अन् तू म्हंतोस, मला डोळं मिटलं की दिसती. न्हाय रं दिसत. लई वर्सं झाली. आठवाय गेलं की त्यो टाकच फुडं येतो. मला बी येवढंच ठावं हाय जेवढं तुला. म्हनून म्हनलं, जाऊ नगंस. तुज्याकडं निदान वाट बघाय तरी काय तरी हुतं."

जोतीराम बाहेर निघून गेला. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे त्याला कळेना. त्या मुंबईच्या पोरावर, आईच्या लाजेवर, का आयुष्यभर थाप मारून आपल्याला झोपवणाऱ्या या बहिणीवर? आणि ती तरी थाप कशी म्हणावी? चित्र तर होतंच. पुढचे दिवस त्यानं बजाबाईशी बोलणं टाकलं. मुंबईचं नावही काढलं नाही. शाळेत कुणी विचारलं की म्हणायचा, "बघू," आणि तेच बहिणीचं उत्तर आपल्या तोंडून ऐकून त्याला जास्तच वाईट वाटायचं.

नवमी आली. सोजरबाईनं पुरणपोळी केली, शेजारची सवाष्ण जेवायला बोलावली. देव्हाऱ्यापुढं पान वाढलं. जोतीरामनं टाक धुवून पुसून पानापुढं ठेवला आणि तो बघत बसला. चिंचेनं घासल्यामुळं चांदी लखलखत होती. त्या तोंडात त्यानं पुष्कळ शोधलं, काही सापडलं नाही. मागं बजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला आता वाकता येत नव्हतं, म्हणून ती बसूनच नमस्कार करायची. जोतीराम मागं न बघता म्हणाला, "आक्का, पाठ तर तिचीच हाय न्हवं?"

"व्हय. तिचीच."

"मग जाऊया," तो म्हणाला.

दिवाळी झाल्यावर दोघं गेली. बोरीबंदरला सिद्रामप्पा घ्यायला आला होता. मोठा प्रेमळ माणूस, वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक इमारतीचं नाव त्यानं वाचून दाखवलं. म्युझियमच्या दारात पिशवी ठेवून घेतली, खण-नारळ तिथंच राहिला. कुंकवाची पुडी मात्र बजाबाईनं कमरेच्या चंचीत आधीच सरकवली होती. आत गारवा होता. पायाखालची फरशी इतकी गुळगुळीत की बजाबाईनं भावाचा दंड घट्ट धरला. दोन दालनं ओलांडून सिद्रामप्पा थांबला आणि बोट दाखवून म्हणाला, "ही बघा, पाटी. चिमा धनगरीण, सोलापूर."

जोतीरामनं पाटीवरून डोळे वर केले.

चित्र माणसाच्या उंचीचं होतं. पलीकडं तळं, तळ्याच्या कडेला बसलेली मेंढरं, आणि अलीकडं एक बाई पाठमोरी. काळपट लाल लुगडं, डोक्यावरून ओढलेला पदर. सगळं बजाबाईनं सांगितलं होतं तसंच. पण त्या खांद्यावरून एक पोर बाहेर डोकावत होतं. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकलेली, नाक वाहिलेलं, डोळे रडून फुगलेले, आणि मुठीत तिचा पदर असा गच्च धरलेला की तो एका बाजूला ओढला गेला होता. बाईनं आपला एक हात वर नेऊन पोराचं डोकं सांभाळलं होतं. त्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत गोंदण होतं. सगळ्या चित्रात तोंड होतं ते एकच, त्या पोराचं, आणि ते सरळ जोतीरामकडं बघत होतं.

"ह्यो तू," बजाबाई म्हणाली. "जोती, ह्यो तू हायस. त्यानं मागनं घातला तुला." मग तिचं लक्ष हाताकडं गेलं आणि ती भावाचा दंड सोडून पुढं सरकली. "हात बघ तिचा. ह्यो हात मी वळकते. मला न्हाऊ घालायची त्यो हात. ते गोंदलेलं तुळशीचं झाड बघ. तिचाच हाय, जोती. मी कुटंबी वळकंन."

पन्नाशीकडं झुकलेला जोतीराम तोंडावर टोपी धरून उभा राहिला. आईचं तोंड बघायला आपण जन्मभर झुरलो, आणि आई तर आपल्यालाच झुलवत उभी होती. चित्रातल्या पोराच्या टाळूवर जिथं तो हात होता, आपल्या टाळूवर तिथंच त्यानं हात नेला आणि टक्कल चाचपलं. काही आठवलं नाही. पण आपल्याला कधीतरी असं धरलं होतं, हे त्याला आता कुणी सांगावं लागणार नव्हतं.

बजाबाईनं चंचीतून कुंकवाची पुडी काढली. पहारेकरी लगेच पुढं झाला. "हात लावायचा नाही, आजी."

"लावू कुटं, बाबा?" बजाबाई म्हणाली. "हिनं कपाळ कुटं ठिवलंय?" तिनं चिमूट घेतली, आणि जरा थांबून ती भावाच्या कपाळाला लावली. पहारेकरी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात कॉलेजातली दिसावीत अशी तीन-चार मुलं-मुली आली. त्यांतली एक मुलगी चित्रापुढं रेंगाळली. पाटी वाचली, चित्र बघितलं, पुन्हा पाटी वाचली. "आईचं नाव लिहिलंय," ती मैत्रिणीला म्हणाली, "पण बाळाचं नाहीच लिहिलं."

आईच्या चित्राची बढाई सोडली तर शिकल्यासवरल्या माणसांत जोतीराम आपणहून कधी बोलत नसे. शाळेत त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या घंटेचाच आवाज जास्त ऐकू यायचा. पण आता तो कपाळावर कुंकू घेऊन तसाच पुढं झाला.

"जोतीराम," तो म्हणाला. "त्याचं नाव जोतीराम हाय. लई किरकिर करत हुता, म्हनून ती हुबी हाय."